काळजीची वेळ

मंगळवारी सकाळी बाबांनी स्क्रीनवरच्या निळ्या भागावर बोट टेकवून विचारलं, "इथे पाणी किती आहे?" तिने मान वर न करता सांगितलं, "पाणीच पाणी आहे, बाबा."

"तसं नव्हे. खोल किती?"

"खोली नाहीये."

"म्हणजे उथळ आहे?"

"म्हणजे खोली हा प्रकारच नाहीये. समुद्र म्हणजे एक निळा पत्रा. जहाज त्यावरून सरकतं. खेळणारा वर विमानात बसलेला असतो, त्याला तळाशी काय करायचंय?"

बाबांनी बोट उचललं आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याची उजवी दांडी आठवडाभर दोऱ्याने बांधलेली होती. उद्या दुकानात जाऊन स्क्रू बसवून आणतो, असं ते आठवडाभर म्हणत होते. "मग बुडालेली जहाजं जातात कुठे?" ते म्हणाले. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. सकाळच्या चाचणीत एक जहाज बुडालं होतं. तिने त्याची नोंद उघडली. उंचीच्या रकान्यात उणे चार हजार सातशे असा आकडा होता आणि बघता बघता तो वाढत होता. उणे चार हजार सातशे तीन. सहा. नऊ. पत्र्याच्या खाली काहीच नव्हतं, त्यामुळे जहाज पडतच होतं, सरळ, नांगरासकट, आणि खेळातल्या मोहिमेचा तो दिवस संपून प्रोग्रॅम सगळं पुसून टाकेपर्यंत ते पडतच राहणार होतं. बाबा आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "अजून पडतंय?" "अजून." "बंद कर ते," ते म्हणाले. आयुष्याची पस्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस, वादळांच्या गोष्टी जेवताना विनोद सांगावेत तशा सांगणारा. पण त्या दिवशी त्यांचा आवाज तिला अनोळखी वाटला. तिने स्क्रीनवरची खिडकी मिटली. मिटली म्हणजे फक्त दिसेनाशी केली. खाली पडणं चालूच होतं.

नंतर ती जेव्हा जेव्हा मागे वळून पाही, तेव्हा तिला हा मंगळवार अगदी साधा दिसे. उन्हाचा पट्टा टेबलाच्या कडेपर्यंत आलेला, दोन कप चहा, त्यातला एक गार झालेला, बाजूच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोक पाडतंय, मध्येच थांबतंय, पुन्हा पाडतंय. आई चार दिवसांसाठी मावशीकडे गेली होती. घरात दोघंच. दोन वर्षांपूर्वी आपला संसार मोडून ती इथे परत आली, तेव्हा बाबांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. मागची खोली रिकामी करून दिली, टेबल खिडकीशी लावून दिलं आणि म्हणाले, "उजेड डावीकडून आला पाहिजे." त्याच खोलीत बसून ती एका लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी शत्रूचे रसदमार्ग आखायची. कुठल्या बंदरातून कुठलं जहाज कधी सुटेल, कुठल्या टप्प्यावर वळेल, त्याच्या पोटात तेल असेल की बॉम्ब. खेळणाऱ्याला वरून फक्त पाण्यावरच्या तीन-चार पांढऱ्या रेघा दिसत. त्याने त्या सोडून दिल्या तर काहीच घडत नसे. फक्त चार दिवसांनी शत्रूच्या धावपट्टीवरून जास्त विमानं उडत. आणि जहाज बुडवलं तर चार दिवसांनी कमी. आपण काय केलं ते खेळणाऱ्याला उशिरा कळायचं, किंवा कळायचंच नाही. तिला या कामात जे आवडायचं ते हेच होतं, आणि हे आपल्याला का आवडतं याचा विचार ती टाळायची.

बाबांना आधी हा सगळा पोरखेळ वाटला होता. मग एकदा त्यांनी तिचा नकाशा पाहिला आणि त्यांचा जीव वरखाली झाला. "जहाजं अशी जातात होय? फुटपट्टी लावून?" तेव्हापासून दुपारच्या झोपेआधीचा तासभर ते तिच्या बाजूला खुर्ची ओढून बसत. त्यांनी तिच्या सरळ रेघा मोडल्या. ताफ्याला वाकडं चालायला शिकवलं. सगळी जहाजं एकाच वेगाने जात होती, तर म्हणाले, एक तरी रडतराऊत पाहिजे. मग आठ नॉटच्या वर न जाणारं एक जुनं तेलवाहू जहाज त्यांनी ताफ्याच्या शेपटाला जोडलं आणि त्याचं नाव ठेवलं म्हातारी. "आता सगळा ताफा हिच्या वेगाने जाणार. तक्रार करायची नाही. घरातसुद्धा असंच असतं." हा खेळ बनवणाऱ्या स्टुडिओतला मुख्य, ज्याला सगळे कप्तान म्हणत कारण होडीत पाय ठेवला तरी त्याला मळमळत असे, तो म्हातारीवर बेहद्द खूश झाला. खेळणारे आधी तिलाच टिपतील, तो म्हणाला. बाबांना तिने हे सांगितलं नाही.

पण बाबांनी तिच्या कामात खरी भर घातली ती वेगळीच. एका दुपारी त्यांनी विचारलं होतं, "जहाज बंदरात पोचलं नाही तर बंदर काय करतं?" "काही नाही. यादीतून वजा करतं." "असं कसं? बंदर वाट बघतं. आधी वाट बघतं, मग विचारपूस करतं, मग शोधायला निघतं. केव्हा काय करायचं ते ठरलेलं असतं." आणि ती हसली, कारण ते कुठून आलं हे तिला चांगलं माहीत होतं. ते त्यांच्याच दारामागच्या पाटीवरून आलं होतं.

दारामागे खिळ्याला एक लहान दगडी पाटी टांगलेली असे. घरातून बाहेर पडणाऱ्याने तिच्यावर दोन वेळा लिहायच्या. पहिली येण्याची, दुसरी काळजीची. येण्याची वेळ टळली तर काही बिघडलं नाही, माणूस आहे, रमतो, गप्पा मारत उभा राहतो. पण काळजीची वेळ झाली की मात्र घरातल्याने चप्पल घालून बाहेर पडायचं, कारणं शोधत बसायचं नाही. आणि त्याच्या आधी एक मिनिटही काळजी करायची नाही. हा नियम बाबांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी केला, कारण ते समुद्रावर असताना आई रात्रंदिवस काळजी करायची आणि ते घरी असताना, सवयीने, आणखी करायची. दोन वेळांत बाबा कायम एका तासाचं अंतर ठेवत. अकरा-बारा. पाच-सहा. "हा माणूस काळजीसुद्धा गजर लावून करतो," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि त्यात तक्रारीपेक्षा मिरवणंच जास्त असे. ती नऊ वर्षांची असताना मैत्रिणीकडून येताना वाट चुकली होती. पाटीवर काळजीची वेळ साडेसहा होती. ती धापा टाकत जिना चढली तेव्हा आई चपला घालून, हात कडीवर ठेवून, दाराच्या आत उभी होती, आणि बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. सहा सत्तावीस. "बघ," ते आईला म्हणाले, "तीन मिनिटं वाचली तुझी." आई रडायला लागली आणि बाबांनी पेपर खाली केला तेव्हा तिने पाहिलं की तो उलटा होता. हे तिने आईला कधी सांगितलं नाही. ती दोघांची, बाबांची आणि तिची, अशी गोष्ट होती.

तर तिने बंदराच्या फाईलमध्ये एक नवा रकाना घातला आणि त्याला नाव दिलं 'काळजी'. टप्प्यावर जहाजाची खबर आली नाही तर बंदर इतका वेळ गप्प बसेल, आणि मग शोधविमान उडवेल. एक तास. बाबांचा तास. जहाज बुडालं तर माणसं होड्यांत उतरतील, हेही बाबांच्याच आग्रहावरून तिने घातलं. "जहाज गेलं तर जाऊ दे. माणसं कुठे जातात?" आता होड्यांतली माणसं किती वेगाने कमी होतात, याचा आकडा हवा होता. तिने विचारलं, "पाण्यात माणूस किती वेळ टिकतो?" बाबा दोऱ्याची गाठ घट्ट करत होते. "पाणी कसं आहे त्यावर. आणि कुणी येणार आहे हे त्याला ठाऊक आहे का, त्यावर." "म्हणजे?" "म्हणजे वेळ ठाऊक असली की माणूस तोवर धरून राहतो. वेळ टळली की मग भराभर." तिने ते तसंच लिहिलं. काळजीची वेळ होईपर्यंत माणसं हळूहळू कमी होत, आणि ती टळली की भराभर. चाचणीत तो आलेख तिने पाहिला. आधी जवळजवळ सपाट असलेली रेघ, आणि मग कडा. सुंदर दिसत होता. आपण लिहिलेलं काही इतकं खरं वाटावं, याचं तिला त्या वेळी कौतुक वाटलं होतं.

बुधवारी सकाळी पावणेदहाला कप्तानचा फोन आला. "तुझं बंदर फार काळजीवाहू आहे गं. खेळणाऱ्याने म्हातारीला टिपलं, एक गिरकी मारून जरा बघतोय कशी जळते, तर लगेच पाहुणे हजर. मजा जाते. काळजी तासभर पुढे ढकल ना. दोन तास कर. एकपर्यंत चाचणी घेऊन टाकू, मला दुपारी वरच्यांना दाखवायचंय." ती म्हणाली, बघते. एकाच्या ठिकाणी दोन टाइप करायला किती वेळ लागतो? तिने केलं. मग कानाला हेडफोन लावले. तेवढ्यात बाबा दारात आले. अंगावर बाहेरचा सदरा, चष्मा हातात, फोन नेहमीप्रमाणे टेबलावरच ठेवलेला. फोन जवळ असला की माणूस वेळ पाळत नाही, असं ते म्हणत. "चष्मेवाल्याकडे जाऊन कालव्यावरून चक्कर मारून येतो. अकराला येतो. काळजी बारा." पाटीवर त्यांनी लिहिलंही होतं, खडूचा आवाज तिने ऐकला होता. आणि तिने एका कानावरचा हेडफोन किंचित उचलून म्हटलं, "बाबा, एक करा ना. एकपर्यंत माझी चाचणी आहे, मध्ये उठता येणार नाही."

बाबा हसले. "काळजी करायला फुरसत नाही तुला?"

"एकला करते. भरपूर करते."

"बरं, बंदरमास्तर. एक." पाटीवर अंगठा फिरवल्याचा आवाज. पुन्हा खडू. दार.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिने हेडफोन काढले होते. तेवढं तिला नक्की आठवत होतं, कारण स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं आणि म्हातारीला आग लागून तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. घरात काही आवाज नव्हता. भिंतीला भोक पाडणाराही थांबला होता. ती बाहेरच्या खोलीपर्यंत गेली, पाटीकडे पाहिलं. अकरा. एक. मानेमागून काहीतरी गार सरकल्यासारखं झालं, आणि त्या गार सरकण्याला तिने नियम दाखवला. अजून वेळ झालेली नाही. लहानपणापासून ती हे करत आली होती आणि त्याचं तिला समाधान वाटत असे, एखादं ओझं वेळेपर्यंत कुणीतरी दुसऱ्याने धरावं तसं. ती परत हेडफोन लावून खुर्चीत बसली. स्क्रीनवर बंदर गप्प होतं. होड्यांतल्या माणसांची रेघ सपाट चालली होती. हेडफोनमधून कप्तान म्हणाला, "हां, आता कसं, आता निवांत बघता येतंय," आणि ती म्हणाली, "छान."

एक वाजता तिने चपला घातल्या. एक वाजून दहा मिनिटांनी कालव्याकाठी, पंपघराच्या मागच्या बाकावर तिला बाबा सापडले. मांडीवर घडी केलेला पेपर, डोळ्यांवर नव्या स्क्रूचा चष्मा, सदरा घामाने छातीला चिकटलेला. जाणाऱ्यायेणाऱ्यांना म्हातारा डुलक्या घेतोय असं वाटलं असणार. तिने हात धरला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वेळेवर आलीस." मग काही बोलले नाहीत. तीन वाजायच्या आत सगळं संपलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, साधारण केव्हापासून बसून होते? तिने सांगितलं, माहीत नाही. "तासभर आधी आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण बसल्याचा बारीक आवाज त्यानंतर तिला कुठेही ऐकू येई. कपाट बंद करताना. कप बशीत ठेवताना. स्विच दाबताना.

लोक आले, बसले, गेले. मावशी पंधरा दिवस राहून गेली. ती स्वतः आठव्याच दिवशी कामाला बसली, कारण कामाला बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आणि आईने पाटी पाहिली. तशी ती पहिल्याच संध्याकाळी पाहिली असणार, पण दिसली महिन्याभराने. "अगं, हे एक का लिहिलंय?" एका सकाळी ती पाटीसमोर उभी राहून म्हणाली. "अकरा आणि बारा असायला हवं. एक का?" मागच्या खोलीत मुलगी टाइप करत राहिली. आईने पुन्हा विचारलं, या वेळी तिला नव्हे, पाटीला. आईची नजर अधू झाली होती. तिला एकचा आकडा दिसे. त्या आकड्याच्या बाजूचा, अंगठ्याने पुसलेला पांढुरका डाग तिला दिसत नसे, आणि त्या डागात नीट पाहिलं तर बाराचा दोन अजून ओळखता येई. हे रोज दिसत होतं ते मुलीला. घरातून बाहेर पडताना, घरात शिरताना. पाटी पुसायची नाही, असं आईने बजावलं होतं. ती सहज हात लागला असं भासवून तो डाग पुसू शकली असती. दोनदा तिचा हात तिथपर्यंत गेलाही. पाटीवर अंगठ्याचा ठसा होता, रेषांसकट.

पुढे आईने हिशेब मांडायला सुरुवात केली. ती बाबांच्या रस्त्याने चालत जायची, रोज सकाळी, दहा वाजता. चष्मेवाल्याने सांगितलं, पावणेअकराला निघाले, हसतखेळत. कालव्यावरच्या माळ्याने सांगितलं, पावणेबाराला मी पाहिलं, चेहरा पांढरा दिसला म्हणून विचारलं, काका बरं आहे ना, कुणाला बोलावू का? तर म्हणाले, नको, मुलगी येईल माझी, एक वाजता. "ऐकलंस?" आई घरी येऊन म्हणाली, आणि तिचे डोळे कोरडे होते. "एक वाजता. त्याने माळ्यालाही एकच सांगितला. म्हणजे चुकून नाही लिहिलेला. ठरवून लिहिला. एक्केचाळीस वर्षं मला एका तासाच्या वर थांबवलं नाही त्याने, आणि शेवटच्या दिवशी दोन तास? पावणेअकरा ते पावणेबारा कुठे होता हा माणूस?"

"बाकावर बसले असतील, आई."

"तासभर? तुझे बाबा? स्टेशनवर गाडीची वाट बघतानासुद्धा येरझारा घालणारा माणूस तो."

त्यांना बरं वाटत नव्हतं, म्हणून बसले असतील, असं तिला म्हणायचं होतं. पण मग पुढचं वाक्य आपोआप आलं असतं, की बारा वाजता कुणी गेलं असतं तर. आणि तिच्या गप्प बसण्यातून आईला वाट मिळाली. चष्मेवाल्याचं दुकान आणि कालवा यांच्या मध्ये एका हृदयतज्ज्ञाची पाटी होती. आईने ती आधी कधी पाहिली नव्हती, आता तिला दुसरं काही दिसेना. त्याला ठाऊक होतं. तो तिथे जात होता. मला चार दिवस बहिणीकडे धाडलं, तेही ठरवून. मला सांगितलं नाही. आधी हे प्रश्न होते, मग त्यांची विधानं झाली. आईने बाबांचा फोटो कपाटात ठेवला, चेहरा आत करून. आधी बाबांचा उल्लेख 'हे' असा होता, मग 'तुझे बाबा', मग 'तो माणूस'. "माझ्याकडून एक तास लपवून गेला तो माणूस," ती म्हणाली. बाबा रोज थोडे थोडे कमी होताना लेक पाहत होती. तो आलेख तिच्या ओळखीचा होता.

कामावर तिने एक गोष्ट केली, कुणाला न विचारता. बंदराच्या फाईलमधला काळजीचा आकडा शून्य केला. दोन तास नको, एक तासही नको. जहाज दिसेनासं झालं की त्याच क्षणी विमान. तिने मोहीम वेग वाढवून चालू केली आणि खिडकीतला उन्हाचा पट्टा सरकताना पाहत बसली. खेळातल्या पहिल्या दिवशी बंदराने प्रत्येक जहाजामागे एक विमान उडवलं. जहाज वळलं, विमान. धुकं आलं, विमान. म्हातारी नेहमीप्रमाणे मागे पडली तर तिच्यामागे तीन. तिसऱ्या दिवशी सकाळी बंदरातलं तेल संपलं. त्याच दुपारी म्हातारीला खरोखर आग लागली, तिची माणसं होड्यांत उतरली, आणि बंदरापाशी पाठवायला काही उरलं नव्हतं. होड्यांतली रेघ पहिल्या मिनिटापासून कड्यासारखी खाली आली, कारण त्यांना धरून राहायला कुठली वेळच नव्हती. कप्तानचा फोन आला, "तुझ्या बंदराला वेड लागलंय का?" "हो," ती म्हणाली. "बरं नाहीये त्याला." "एक तासच ठेव," कप्तान म्हणाला, "आधी होतं ना तुझ्या वडिलांचं, तेच ठीक होतं. वरच्यांनाही तेच बरं वाटलं." म्हणजे त्या बुधवारी दुपारी वरच्यांनी दोन तास पाहून नापसंत केले होते. हे कप्तानने इतक्या सहज सांगितलं की तिला पहिल्यांदा कळलंच नाही. नंतर कळलं. तिने फाईल उघडली, शून्याचा एक केला, आणि म्हातारीची नोंद दिसेनाशी करायची राहून गेली. उंचीच्या रकान्यात आकडा वाढत होता. उणे नऊ हजार. उणे नऊ हजार तीन. पाण्याखाली, जिथे पाणीही नव्हतं, तिथे ते जुनं जहाज बाबांनी दिलेल्या नावासकट खाली जात होतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत चपलांचा आवाज झाला. दहा वाजायला आले होते. ती दारापर्यंत आली. आईने बाहेरची साडी नेसली होती, काखेत पिशवी होती, आणि पिशवीत बाबांचे जुने तपासणीचे कागद आणि कपाटातून काढलेला फोटो. "त्या डॉक्टरकडे जाते," आई म्हणाली. "फोनवर सांगत नाहीत ते लोक, अशी माहिती देत नाही म्हणतात. समोर बसल्यावर कशी देत नाहीत बघते. फोटो दाखवते. ओळखतीलच. आज काय ते कळू दे, म्हणजे मी मोकळी. हे कागद एकदाचे टाकून देते मग, कपडेही देऊन टाकते, सगळंच."

"आई, नको जाऊस."

"का? तुलाही ठाऊक होतं की काय?" आईने तिच्याकडे पाहिलं. तिच्या अधू डोळ्यांत एक नवीनच धार होती. "बापलेकीचं गुळपीठ होतंच. पेपर उलटा धरून बसायचा तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचात, मला काय दिसत नव्हतं?"

म्हणजे आईला पेपर माहीत होता. बत्तीस वर्षं माहीत होता. दोघांची म्हणून जपलेली गोष्ट तिघांची होती, आणि आईने ती तशीच राहू दिली होती. आई पाटीकडे वळली. सवयीने खडू उचलला. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, बाबांच्या आकड्यांना धक्का न लावता, तिने आपली येण्याची वेळ लिहिली, अकरा. मग हात थांबला. पहिल्यांदाच तिला दुसरी वेळ सुचेना. "काळजी किती लिहू?" ती स्वतःशीच पुटपुटली, आणि खडूचं टोक पाटीवर आपटत राहिली, टक, टक, टक. त्या आवाजात टोपण बसल्याचा आवाज होता.

ती पुढे झाली. आईचं मनगट धरलं आणि तिचं बोट वर, मोठ्या आकड्यापाशी नेलं, त्याच्या बाजूच्या पांढुरक्या डागावर टेकवलं. आईच्या बोटाला काही कळणं शक्य नव्हतं, खडूची भुकटी ती केवढीशी. तरी तिने ते तिथे धरून ठेवलं.

"हे काय आहे?" आई म्हणाली.

"बारा आहे."

"बारा कुठे आहे?"

"होता. बाबांनी बाराच लिहिला होता, आई. अकरा आणि बारा. ते कुठे गेले नव्हते. त्यांना काही ठाऊक नव्हतं. माझी चाचणी होती, मला मध्ये उठायचं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, एक करा." आईचा हात तिने सोडला नाही. "एक मी म्हटलं. बारा वाजता मला काळजी वाटली होती, आई. मी इथे येऊन पाटी बघितली, आणि परत जाऊन बसले."